वस्तीच्या मागे धावणारी शाळा

(एका व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सार्वजनिक शाळांना पैसा कोठून यावा, हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला तसा रुचणारा नाही. त्यात ना इतिहासाचा रोमांच, ना राष्ट्रीय प्रश्नाचा आवेश. अंदाजपत्रक, उपकर, आरक्षण, संचमान्यता अशा रुक्ष शब्दांतूनच तो पुढे सरकतो. तथापि पुण्याला लागून असलेला हा पिंपरी-चिंचवडचा पट्टा ज्या वेगाने वाढला आहे, तो वेग पाहता या रुक्ष शब्दांशी ओळख करून घेणे येथील प्रत्येक सुजाण नागरिकास भाग आहे.

१९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका स्थापन झाली. १९७१ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या लाखाच्या आत होती. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, २००१ मध्ये लोकसंख्येने दहा लाखांचा टप्पा ओलांडला आणि २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांवर गेली. अर्थात मधल्या काळात शहराची हद्दही वाढली; १९९७ मध्ये वाकड, रावेत, मोशी, चऱ्होली अशी गावे शहरात आली. पण ती गावे आली ती आपल्या शेतांसह आली आणि त्या शेतांतूनच पुढे बहुमजली इमारतींची रांग उभी राहिली. त्यानंतर शहर किती वाढले? अधिकृत उत्तर उपलब्ध नाही, कारण २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. लोकसंख्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी शासनाने जाहीर केलेली आहे. म्हणजे २०११ साली ज्या बालकाचा जन्म झाला, त्याचे संपूर्ण प्राथमिक शिक्षण जुन्या आकड्यांच्या आधारावरच आटोपले.

नव्या वस्तीत कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने येतात, हे पाहण्यासारखे असते. प्रथम शेताच्या बांधावर गृहप्रकल्पाचा फलक लागतो. मग पत्र्याच्या खोल्यांत मजूर येतात. इमारत उभी राहते, बँकेची शाखा येते, पाठोपाठ एखादी चकचकीत खासगी शाळाही येते. महापालिकेची शाळा मात्र गावठाणात जेथे होती तेथेच, तेवढ्याच खोल्यांत राहते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जेथे शाळा नाही तेथे तीन वर्षांच्या आत ती स्थापन करावी, अशी जबाबदारी त्याने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली. महाराष्ट्राच्या नियमांनी प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटर आणि उच्च प्राथमिक शाळेसाठी तीन किलोमीटर अंतराची मर्यादा घालून दिली. पण येथेच ग्यानबाची मेख आहे. एक किलोमीटरच्या आत शाळा आहे, एवढ्यावर नियम समाधान पावतो. त्या एका किलोमीटरात पूर्वी चारशे घरे होती आणि आज चार हजार आहेत काय, हे नियम विचारत नाही. खेड्यासाठी जी मोजपट्टी न्याय्य होती, ती टॉवरच्या वस्तीत अपुरी ठरते.

दुसरी मेख संचमान्यतेची. एखाद्या शाळेला किती शिक्षक मिळणार, हे महाराष्ट्रात संचमान्यतेने ठरते आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. कायद्याचे प्रमाण पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक असे आहे. ज्या गावाची लोकसंख्या स्थिर आहे, तेथे ही पद्धत ठीक चालते. वाढत्या शहरात काय होते? दिवाळी आटोपून मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा थेट बिहार-उत्तर प्रदेशातून कामासाठी आलेले कुटुंब नोव्हेंबरात मुलाचे बोट धरून शाळेच्या दारात उभे राहते. जुन्या शाळेचा दाखला हाती नसला तरी त्याला प्रवेश नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. शाळा त्याला घेते, बाकावर दोघांच्या जागी तिघे बसतात. पण त्या मुलाच्या वाट्याचा शिक्षक पुढच्या सप्टेंबरच्या पटाची वाट पाहत कागदावरच राहतो. तो मंजूर होईपर्यंत बांधकाम संपलेले असते आणि कुटुंब दुसऱ्या प्रकल्पावर गेलेले असते. अशा मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी डोअर स्टेप स्कूलसारखी संस्था मुंबई-पुण्यात अनेक वर्षे काम करीत आली आहे. तिचे काम मोलाचे आहेच. पण ज्या शहरात अशी गरज वर्षानुवर्षे टिकून राहते, त्या शहराच्या नियोजनाविषयी ती काय सांगते, याचाही विचार व्हावयास हवा.

येथील मध्यमवर्ग या प्रश्नापासून दूर गेला, तो काही दुष्ट हेतूने नव्हे. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन पाल्याला चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या शाळेत घातले, तो त्यांचा अधिकारच आहे. परंतु त्याचा एक परिणाम झाला. चार दशकांपूर्वी नगरपालिकेच्या शाळेचे छप्पर गळले, तर कारकुनाचा आणि शिक्षकाचा मुलगाही भिजत असे. मग तो कारकून नगरसेवकाकडे जाई, शिक्षक वर्तमानपत्राला पत्र लिही. आज छप्पर गळते तेव्हा भिजतो तो सुरक्षारक्षकाचा आणि घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा. त्यांच्याजवळ तक्रारीसाठी वेळ नाही आणि तक्रार केली तर ती ऐकणारा कान नाही. निधी आटतो तो असा. कोणी तो बंद करण्याचा ठराव करीत नाही. मागणारा आवाज क्षीण होतो, इतकेच.

आता येथून दूर असलेल्या, परंतु येथील अनेक घरांशी नाते असलेल्या एका शहराकडे पाहू. माहिती तंत्रज्ञानाच्या ज्या लाटेने हिंजवडीचा कायापालट केला, त्याच लाटेने अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलसच्या उत्तरेस फ्रिस्को नावाचे शहर वाढवले. २००० साली त्याची लोकसंख्या ३३ हजारांच्या घरात होती. २०२० मध्ये ती दोन लाखांच्या वर गेली. तेथे भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली, त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. वाकडच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसलेल्या एखाद्या आजी-आजोबांची नातवंडे तिकडच्या सरकारी शाळेत शिकत असावीत, हे आता नवलाचे राहिलेले नाही. येथे खासगी शाळेवाचून पर्याय नाही असे मानणारी आपलीच माणसे तेथे घर घेताना पहिली चौकशी करतात ती त्या भागातील सरकारी शाळेची. माणसे तीच, मग फरक कशाने पडला?

टेक्सासात शाळांचा कारभार स्वतंत्र ‘शाळा-जिल्ह्या’कडे असतो. त्याचे मंडळ निवडून आलेले असते आणि घरपट्टीसारखा कर लावण्याचा अधिकार त्याला असतो. इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे असतील, तर ते मतदारांना विचारूनच काढावे लागतात. शाळा चालवण्याचा कर ठरावीक मर्यादेपलीकडे न्यायचा असेल, तर त्यालाही मतदारांचा कौल लागतो. फ्रिस्कोच्या मतदारांनी २०१४ मध्ये ७७ कोटी ५० लाख डॉलरच्या रोख्यांना संमती दिली. पण इमारत झाली म्हणजे शाळा झाली असे नसते. शिक्षकांचे वेतन, वीज, बस हा खर्च वर्षानुवर्षे करावा लागतो. त्यासाठी ऑगस्ट २०१६ मध्ये प्रत्येक १०० डॉलर मूल्यामागे १३ सेंट करवाढीचा प्रस्ताव आला आणि मतदारांनी तो फेटाळला. परिणाम तत्काळ दिसला. २०१७ मध्ये उघडावयाच्या चार नव्या शाळा एक वर्ष लांबणीवर पडल्या. २०१८ च्या नोव्हेंबरात, एकूण कराचा दर वाढणार नाही अशी नवी मांडणी करून, मंडळ पुन्हा मतदारांपुढे गेले. सोबत ६९ कोटी १० लाख डॉलरच्या रोख्यांचा प्रस्तावही होता. या वेळी दोन्ही मंजूर झाले.

ही कथा येथेच सुखान्त होती तर सांगावयास सोपी गेली असती. पण २०२४ च्या नोव्हेंबरात करवाढ आणि नवे रोखे हे दोन्ही पुन्हा नाकारले गेले. शहर वाढते तसे ते प्रौढही होते. तरुण दांपत्ये पन्नाशीत येतात, मुले महाविद्यालयात जातात, घरांच्या किमती वाढल्याने नवी तरुण कुटुंबे आणखी पुढच्या गावी घर घेतात. एके काळी दर वर्षी नव्या शाळा उघडणाऱ्या त्या जिल्ह्याला २०२५ मध्ये एक जुनी शाळा बंद करावी लागली. नकार देणारे सारेच कंजूष होते, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. मंडळाच्या खर्चाच्या पद्धतीविषयी प्रामाणिक शंका असणारेही त्यांत होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, तेथे पैसा मिळाला काय आणि न मिळाला काय, निर्णय उघड्यावर झाला. कर किती, त्या बदल्यात शाळा किती, हे प्रत्येकाला ठाऊक होते. येथे चार शाळा लांबल्या तर त्या कोणाच्या मताने लांबल्या, हेही नागरिकाला कळत नाही.

आपल्याकडे शाळांच्या निधीवर मतदान नाही. म्हणून पैसा कोठे अडतो, ते शोधत जावे लागते. पहिला अडसर जमिनीचा. विकास आराखड्यात प्राथमिक शाळा आणि क्रीडांगण यांसाठी भूखंड आरक्षित केलेले असतात. नकाशावर ते रंगवलेले पाहून नागरिक निश्चिंत होतो. पण आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे १२७ वे कलम काय म्हणते? आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत प्राधिकरणाने जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. कोणाची जमीन किती काळ अडकवून ठेवावी यालाही सीमा हवी. पण शाळेच्या दृष्टीने याचा अर्थ भयंकर आहे. वेळेवर पैशाची तरतूद झाली नाही, की शाळा एक वर्ष लांबत नाही, तिची जागाच कायमची जाते. इमारत पुढे-मागे बांधता येते. टॉवरने वेढलेल्या वस्तीत एकरभर मोकळी जमीन पुन्हा निर्माण करता येत नाही.

त्यात भर म्हणजे मोठ्या गृहप्रकल्पांनी सार्वजनिक सोयींसाठी सोडावयाचे सुविधा क्षेत्र. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकात्मिक नियमावलीने दोन हेक्टरांहून लहान भूखंडांना या बंधनातून वगळले. आणि जे सुविधा भूखंड हाती आले, तेही दीर्घ मुदतीच्या भाड्याने देऊन पैसा उभा करावा, असा प्रस्ताव २०२१ मध्ये शेजारच्या पुणे महापालिकेत आला होता. त्यावर मोठा वाद झाला. तिजोरी रिकामी असली की घरातले दागिने मोडण्याची कल्पना सुचतेच. पण हे दागिने पुढच्या पिढीचे आहेत.

दुसरा अडसर उत्पन्नाच्या स्वरूपाचा. पिंपरी-चिंचवडची श्रीमंती जकातीवर उभी होती. कारखाने वाढत, माल येई, जकात वाढे. शहराच्या वाढीबरोबर तिजोरीही वाढत असे. २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर. महाराष्ट्राने कायदा करून महापालिकांना भरपाई दिली. तिचे आधारवर्ष २०१६-१७ आणि त्यावर दर वर्षी ८ टक्के वाढ. ही तरतूद उदार नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु आठ टक्के हा सूत्राचा आकडा आहे. कोणत्या वस्तीत किती मुले नव्याने आली, हे त्या सूत्राला दिसत नाही. शिक्षकांच्या वेतनाचा एक भाग राज्य देते, उरलेला भार, तसेच इमारती, देखभाल आणि शिपाई-सफाईची व्यवस्था महापालिकेला करावी लागते.

मग नागरिक म्हणतो, ‘आम्ही शिक्षण कर भरतो, त्याचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्यापूर्वी घरपट्टीचे बिल एकदा नीट वाचावे. १९६२ च्या कायद्यानुसार आकारला जाणारा शिक्षण उपकर महापालिका वसूल करते, पण तो जमा होतो राज्याच्या तिजोरीत. केंद्राने २००४ मध्ये प्राप्तिकरावर २ टक्के शिक्षण अधिभार लावला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का आला आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून तो ४ टक्के झाला. म्हणजे वाकडमधील पगारदार मनुष्य शिक्षणाच्या नावाने मुंबईलाही देतो आणि दिल्लीलाही देतो. त्यातले किती त्याच्या प्रभागातील शाळेपर्यंत परत आले, हे त्याला कोणत्याही एका कागदावर वाचावयास मिळत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सुचवले, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच आकडा पुन्हा उच्चारला. पण प्रभागातला मनुष्य त्या सहा टक्क्यांना हात लावू शकत नाही. तो हात लावू शकतो तो महापालिकेच्या अंदाजपत्रकाला.

आणि तेथे पैसा उभा करण्याची क्षमताच नाही, असेही नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले. पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये तेवढ्याच रकमेचे हरित रोखे काढले, ते रस्ते आणि पादचारी मार्गांच्या कामांसाठी. पाणी हवे, रस्ते हवेत, याबद्दल दुमत नाही. पण शाळेच्या आरक्षित जमिनी मुदत संपण्यापूर्वी ताब्यात घेण्यासाठी असे रोखे काढावेत, हा विचार कोणाच्या मनात का येत नाही? शाळा उत्पन्न देत नाही, हे उत्तर हिशेबनिसाचे झाले. पादचारी मार्ग तरी कोणते उत्पन्न देतो?

हा झगडा नवा नाही. १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याचा गाभा पैशाचाच होता. स्थानिक संस्थेला सक्तीच्या शिक्षणासाठी खास कर लावता यावा, खर्चाचा एक तृतीयांश भार तिने आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोध केवळ गोऱ्या अधिकाऱ्यांचा नव्हता. एतद्देशीय जमीनदारांचाही होता. त्याच्या तीस वर्षे आधी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे नेमके हेच बोट ठेवले होते की, महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षण वरच्या वर्गाला मिळते. दोघांचे मार्ग वेगळे, पण कर आणि शाळा यांची गाठ दोघांनीही घालून दिली.

येथे एक आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो आणि त्याची दखल घेतली पाहिजे. सर्व काही शासनाने का करावे, समाजाने करावे. सेवावस्तीत अभ्यासिका चालवाव्यात, वह्या-पुस्तके द्यावीत, असे ते म्हणतात. समाजाने शाळा उभ्या केल्याचा महाराष्ट्राचा इतिहास थोर आहे, यात शंका नाही. खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला, त्यामागेही गावकऱ्यांचा सहभाग होता. पण त्या उदाहरणाचाच नीट अर्थ लावावा. तेथे शाळेची जमीन, मान्यता आणि शिक्षकाचा पगार हा पाया सार्वजनिक होता. त्यावर समाजाने कळस चढवला. पायाच नसेल तेथे वह्या वाटून काय साधणार? अभ्यासिकेत संध्याकाळी दोन तास शिकणारा मुलगा सकाळी साठ मुलांच्या वर्गात बसत असेल, तर कार्यकर्त्याचे निम्मे श्रम तो वर्गच खाऊन टाकतो. दानाने शिक्षकाचे पद निर्माण होत नाही आणि आरक्षणही वाचत नाही. ते अंदाजपत्रकानेच होते.

दुसरा आक्षेप दर्जाचा. पालिकेच्या शाळेत शिकवतात तरी काय, मग तिला अधिक पैसा कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. पैसा ओतला की दर्जा वाढतो, असा भाबडा समज कोणी बाळगू नये. गणवेश आणि साहित्याच्या खरेदीतून कोणाचे भले होते, हे नागरिकांना ठाऊक आहे. पण त्याचा इलाज पैसा रोखणे हा नव्हे, पैशावर डोळा ठेवणे हा आहे. कायद्याने प्रत्येक सार्वजनिक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत असे सांगितले आहे. प्रत्यक्षात ठराव आधी लिहिला जातो आणि मोलमजुरी करणाऱ्या मातेची सही किंवा अंगठा मागाहून घेतला जातो, असे अनेक ठिकाणी घडते. तिच्या शेजारी बसून तो ठराव तिला वाचून दाखवणारा एक सुशिक्षित मनुष्य वस्तीला मिळाला, तरी पुष्कळ फरक पडेल. अशा माणसांची येथे वाण नाही. निवृत्त बँक अधिकारी, अभियंते, प्राध्यापक प्रत्येक सोसायटीत आहेत.

मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत या महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात अंदाजपत्रकावर प्रश्न विचारणारा लोकप्रतिनिधी सभागृहात नव्हता. आता तो आहे. त्याला विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत. प्रभागात शाळेसाठी आरक्षित भूखंड किती, त्यांतले किती ताब्यात आले आणि उरलेल्यांची दहा वर्षे केव्हा भरतात? गेल्या वर्षी शाळाबांधणीसाठी ठेवलेल्या तरतुदीतून प्रत्यक्ष खर्च किती झाला, उरलेली रक्कम कोणत्या कामाकडे वळवली? ३० सप्टेंबरनंतर आलेल्या मुलांसाठी तात्पुरते शिक्षक नेमण्याची व्यवस्था काय? आराखड्यातील एखादे आरक्षण बदलावयाचे असेल, तर कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते आणि हरकतीसाठी एक महिन्याची मुदत असते. आराखडे जाहीर होतात तेव्हा हरकतींचे गठ्ठे जमतात. मे २०२५ मध्ये या शहराचा सुधारित प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हाही हजारो हरकती आल्या. रस्ता घरावरून जातो, आरक्षण शेतावर पडते, या तक्रारी स्वाभाविकच आहेत. आमच्या भागात शाळेला जागा कमी ठेवली आहे, अशी हरकत घेऊन जाणारी सोसायटी मात्र विरळा. तो अर्ज साध्या कागदावर करता येतो, त्याला वकील लागत नाही आणि तो करण्यासाठी स्वतःचे मूल त्या शाळेत असण्याचीही अट नाही.